दोन मजले चढून बघा, मग घाबरा

परभणी स्टँडासमोर चहा पिताना परवा एक दोस्त हळूच कानापाशी आला. वय पंचेचाळीस, बीपी नाही, शुगर नाही, शेतात रोजचं काम. म्हणला, "भौ, बायकोजवळ गेलो की छाती लई धडधडते, झटका तर नाही ना येणार? शेजारच्या गावातला एक जण असाच गेला म्हणतेत." आता हे विचारायला त्याला किती दिवस लागले असतील बघा. डॉक्टरला विचारायची लाज, अन् टपरीवर विचारलं की सगळे खिदळतेत. म्हणून सरळच लिहून टाकतो.

धडधडणं म्हणजे बिघाड नव्हे. संबंधाच्या वेळी ठोके वाढतातच, पण धडधाकट माणसाचे मिनिटाला 130 च्या वर क्वचित जातात, वरचं बीपी 170 च्या वर क्वचित, आणि हा जोर शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांपुरता असतो, मग झर्रकन खाली येतं. एकूण मेहनत म्हणाल तर दोन जिने चढण्याएवढी. "असाच गेला" म्हणून जे किस्से फिरतेत त्याचं सांगायचं तर जपानमध्ये अचानक मेलेल्या साडेपाच हजार लोकांचा हिशोब 1963 साली मांडला होता, त्यात अशा वेळी गेलेले 34 निघाले, म्हणजे शंभरात एक बी नाही.

तर आधी जिना गाठा. कुठल्याबी दवाखान्याचा चालतो. न थांबता दोन मजले चढा आणि वर गेल्यावर कुणाशी तरी बोला. थोडा दम लागला पण छातीत काही नाही, तर बिनधास्त राहा. छाती आवळली, जबडा नाहीतर डावा हात दुखला, डोळ्यापुढं अंधारी आली, तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. आणि "ईसीजी नॉर्मल आलाय" म्हणून गप बसू नका, निजून काढलेल्या ईसीजीत कधीकधी काहीच दिसत नाही, पट्ट्यावर चालवून करतात ती टीएमटी लागते का ते विचारा. बीपी तर फुकटात मोजून मिळतं, परत परत 140/90 च्या वर येत असलं तर काही त्रास नसला तरी दाखवा.

आता खरी गोष्ट, जी दोस्तानं विचारलीच नव्हती. ठिबकवाल्यांना माहितीय, कचरा आला की आधी ड्रिपर चोकअप होतो, मेन लाइनला लई नंतर कळतं. शरीरात तसंच आहे. लिंगाकडं जाणारी रक्तवाहिनी 1 ते 2 मिलिमीटरची, हृदयाची 3 ते 4 ची. म्हणून ताठरता हळूहळू कमी होत गेली तर ती नुसती "ताकद" कमी झाल्याची गोष्ट नसते, हृदयाचा त्रास दिसायच्या दोन ते पाच वर्षं आधी मिळालेली नोटीस असू शकते. सकाळी उठताना सगळं ठीक असतं आणि फक्त वेळेवर गडबड होते, तर बहुतेक टेन्शन आहे, कर्जाचं म्हणा नाहीतर सोयाबीनच्या भावाचं. पण सकाळचं बी बंद झालं तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, आणि तंबाखू-सिगारेट सोडा, गुटखा बी, काहून की या नळ्या खराब करायचं काम तेच करतंय. हे सांगताना दोस्ताच्या गालात पुडी होतीच.

वीर्याच्या एका थेंबात चाळीस थेंब रक्त जातं वगैरे सोडून द्या, त्यानं हृदय कमजोर होत नाही.

वेल्समधल्या एका अभ्यासात 918 पुरुष दहा वर्षं पाहिले, ज्यांचे संबंध जास्त त्यांच्यात मरण जवळपास निम्मं. लगेच बायकोला दाखवायला पळू नका. तब्येत चांगली म्हणून संबंध जास्त, असं बी असू शकतं ना. त्यामुळं हा व्यायाम समजू नका, रोज अर्धा तास भरभर चालणं वेगळंच लागतं. आणि मटण-दारू झाली की लगेच नको, तास-दोन तास जाऊ द्या.

रस्त्याकडच्या तंबूतल्या "ताकदी"च्या पुड्या तर अजिबात नको. अशा "जडीबुटी"त व्हायग्राचंच औषध, सिल्डेनाफिल, चोरून मिसळलेलं अनेकदा सापडलंय. गंमत म्हणजे ते औषध मुळात छातीदुखीसाठीच करून बघत होते. पण छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट आणि हे एकत्र आलं तर बीपी धाडकन पडतं, जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि त्याच जातीच्या टॅडालाफिलनंतर 48 तास ती जिभेखालची गोळी चालत नाही.

म्हणून कधी मधेच छातीत दुखलं तर थांबा, उठून बसा, 108 ला फोन लावा. घरातल्या कुणी वरच्या कप्प्यातली सॉर्बिट्रेट पुढं केली आणि तुम्ही ती ताठरतेची गोळी नाहीतर पुडी घेतलेली असली, तर तोंड मिटा आणि सांगा, सासऱ्यासमोर असलं तरी सांगा, गाडीतल्या डॉक्टरला बी कोणती आणि किती वाजता घेतली ते सांगा.