सव्वा महिना थांबा! बाळाच्या खरेदीतल्या या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक मोठी पेटी आहे. तिच्यात झबली, कुंच्या, दुपटी, घडीची मच्छरदाणी, आंघोळीचा टब आणि एक वही असते. कुठली वस्तू कुणाकडे गेली आणि कधी परत आली, ते त्या वहीत लिहिलेलं असतं. बारा वर्षांत ही पेटी नात्यातल्या आणि शेजारच्या चौदा घरांत फिरली. त्यामुळे कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं की खरेदीला मला बरोबर नेतात, आणि दर वेळी त्याच चुका माझ्यासमोर होतात. तोंडी सांगून सांगून थकले, म्हणून आता लिहिते.

जन्माआधीच सगळं घेऊन ठेवणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. गेल्या वर्षी माझ्या भाचसुनेचं डोहाळजेवण झालं आणि पुढच्याच आठवड्यात ऑनलाइन सेल लागला. नवराबायकोने एका रात्रीत न्यूबॉर्न मापाच्या डायपरची बहात्तर-बहात्तर नगांची सहा पाकिटं, शून्य ते तीन महिन्यांचे एकवीस कपडे आणि चौदा हजारांचा स्ट्रोलर मागवला. "मावशी, अर्ध्या किमतीत मिळालं सगळं," असं तिने मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बाळाचं वजन किती असेल ते तुला आत्ता माहीत आहे का?

बाळ आषाढात झालं, तीन किलो आठशे ग्रॅमचं. न्यूबॉर्न मापाचं डायपर साधारण पाच किलोंपर्यंत चालतं. सहावा आठवडा लागेपर्यंत त्याच्या मांड्यांवर लाल वळ दिसायला लागले. तीन पाकिटं तशीच उरली. परत द्यायची मुदत बाळ जन्मायच्या आधीच संपली होती. एकवीस कपड्यांपैकी नऊ लेबलासकट माझ्या पेटीत आले. ते पुढच्या बाळांना उपयोगी पडले, पण भाचसुनेचे पैसे गेले ते गेलेच.

बाळाची वाढ कशी होते हे एकदा समजून घेतलं की ही चूक होत नाही. जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळाचं वजन थोडं उतरतं, मग साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट होतं, वर्षाच्या सुमारास तिप्पट. जन्मताना लांबी ५० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पहिल्या वर्षात त्यात जवळपास २५ सेंटिमीटरची भर पडते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या देहासाठी एकाच मापाचे एकवीस कपडे घ्यायचेच कशाला?

माझा नियम सव्वा महिन्याचा आहे. हे काही शास्त्र नाही, माझी सवय आहे. आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरतंच घ्यायचं: सहा झबली, दोन टोपडी, दोन डझन लंगोट, डझनभर दुपटी, एक मच्छरदाणी, एक डिजिटल थर्मामीटर आणि डायपरचं एकच लहान पाकीट. बाकी सगळं नंतर, बाळाचं वजन करून आणल्यावर. तरुण मुलींना हे थांबणं फार जड जातं. घर सजवून ठेवावंसं वाटतं, ती हौस मला कळते. पण हौशीसाठी पाळण्याला एक छानसं चिमणाळं बांधा, डायपरचे खोके रचू नका.

दुपटी आणि लंगोट विकत घेण्याआधी घरातल्या जुन्या सुती साड्या काढा. पंधरा-वीस वर्षं धुतलेल्या सुती साडीइतकं मऊ कापड नव्या पाकिटात मिळत नाही. साड्या नसतील तर क्लॉथ मार्केटमधून मलमल मीटरवर आणा, दोनदा गरम पाण्यातून काढा आणि शेजारच्या शिलाईवालीकडून कडा दुमडून घ्या. झबल्याला बटणं नकोत, बंद हवेत. जरीचं, लेसचं काही बारशाच्या दिवसापुरतं.

आणखी एक हिशेब कुणी करत नाही, तो ऋतूचा. आषाढ-श्रावणात इंदूरला दोन-दोन दिवस ऊन पडत नाही. दोन डझन लंगोट तेव्हा पुरत नाहीत, तीन डझन लागतात, आणि दमट लंगोट बाळाला बांधण्याऐवजी त्यावर इस्त्री फिरवावी. आषाढातलं बाळ इथल्या कडाक्याच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, सहा महिन्यांचं होतं. म्हणजे स्वेटर नऊ ते बारा महिन्यांच्या मापाचा हवा. बारशाला आत्या-काकूंनी "काय आणू?" विचारलं तर संकोच न करता माप आणि ऋतू सांगा. बाळंतविडा पण जपला जातो आणि वस्तूही वापरली जाते.

डायपर रोज सहा वापरले आणि एक अकरा रुपयांना धरला, तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. मी घरात लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात डायपर असं सांगते. खर्च पाचशे-सहाशेवर येतो. वापरलेलं डायपर ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या कचरागाडीत त्यासाठी वेगळा कप्पा आहे, कागदात गुंडाळून तिथेच द्या. गाडीवरच्या माणसाला ते हाताने वेगळं काढायला लागू नये.

त्या चौदा हजारांच्या स्ट्रोलरचं काय झालं? वर्षभरात सात वेळा बाहेर निघाला. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, राजवाड्याकडे गर्दी, फुटपाथ असलाच तर त्यावर पाणीपुरीची गाडी. बायपासकडच्या टाउनशिपमध्ये आत गुळगुळीत रस्ते आहेत, तिथे राहणाऱ्यांना तो खरंच कामाला येतो. त्यांनीही जुना घ्यावा, ब्रेक आणि पट्टे तेवढे तपासून.

वॉकर

वॉकर घेऊ नका. फुकट मिळाला तरी नको. वॉकरमधलं बाळ सेकंदाला मीटरभर पुढे जातं, म्हणजे आपण वळून बघेपर्यंत ते जिन्यापाशी किंवा शेगडीपाशी पोचलेलं असतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. वॉकरने मूल लवकर चालतं हा समजही खोटा आहे, उलट उशीर होऊ शकतो. बाळ स्वतः धरून उभं राहायला लागलं की लाकडी पांगुळगाडा द्या. त्यात बाळ आपल्या पायांवर उभं असतं आणि गाडा ढकलतं. तरीही एका माणसाने जवळ थांबायचं.

नको तिथे बचत करणं

वर वाचून वाटेल की ही बाई सगळीकडे हात आखडायला सांगते. तसं नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही उज्जैनहून परत येत होतो. जावई गाडी चालवत होते, मी पुढे, मांडीवर नऊ महिन्यांची नात. मुलीने आधी दोनदा कार सीटचा विषय काढला होता आणि मीच म्हटलं होतं, "मी घट्ट धरते ना, एवढे पैसे कशाला घालायचे?" सांवेरजवळ गाय आडवी आली. जावयांनी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, टक्करही झाली नाही. तरी नात माझ्या हातांतून सुटली आणि तिचं कपाळ समोर डॅशबोर्डवर आपटलं. चार टाके पडले. ती खूण अजून आहे आणि तिची वेणी घालताना मला ती रोज दिसते.

नंतर मी हिशेब समजून घेतला. गाडी ५० च्या वेगाने धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर ८ किलोचं बाळ दीडशे किलोंहून जास्त ओढीने पुढे फेकलं जातं. कुठल्याच आजीच्या हातांत तेवढा जोर नाही. कायदाही हेच सांगतो: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, बाळाचा जीव बघा.

कार सीट नवी घ्या. जुनी घ्यायचीच तर ज्या घराचा पूर्ण इतिहास तुम्हाला माहीत आहे अशाच घरातून. एकदा अपघातात सापडलेली सीट वरून धडधाकट दिसते, पण आतून तडकलेली असू शकते. प्लास्टिकही म्हातारं होतं, म्हणून सीटच्या मागे किंवा खाली छापलेली तारीख बघा. पट्टा, चाप, पुस्तिका यांतलं काही हरवलं असेल तर सोडून द्या. लेबलवर आर १२९ (R129, बालआसनांसाठीचा आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम) लिहिलेली सीट असेल तर उत्तम. त्या नियमानुसार बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करून बसवायचं. आणि सीट मागच्या बाकावर लावा. पुढे एअरबॅग असते, तिच्यासमोर मागे तोंड केलेलं बाळ कधीही नको.

स्कूटरवाल्यांनीही ऐकावं. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या आत. इंदूरला पुढे उभं केलेलं मूल दिवसातून दहा वेळा दिसतं. ज्यांनी खेळण्यांवर पाच हजार घातलेले असतात, त्यांच्याचकडे बाळाचं हेल्मेट नसतं. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

बाकीच्या, भराभर

राईची उशी, कडेला बांधायच्या गाद्या, मऊ खेळणी: बाळ झोपतं तिथून हे सगळं काढा. सपाट, घट्ट गादी आणि पाठीवर झोपवलेलं बाळ, बस. अमेरिकेने २०२२ मध्ये पाळण्याच्या त्या जाड कडेच्या गाद्यांवर कायद्यानेच बंदी घातली, आपल्याकडे त्या अजून सेटमध्ये गळ्यात मारतात.

बाटल्यांचा सहाचा सेट आणि विजेचा स्टरिलायझर आधी घेऊ नका. पहिले सहा महिने आईचं दूध. वरचं दूध द्यावंच लागलं तर डॉक्टरांना विचारून वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं, आणि उकळायला झाकणाचं पातेलं पुरतं. बाटली घेतलीच तर तिच्यावर आयएसआय खूण हवी. बाटल्या आणि पावडरच्या दुधाच्या जाहिरातींना व फुकट नमुन्यांना आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, तेव्हा कुणी नमुना हातात ठेवला तर घेऊ नका.

बूट चालायला लागल्यावर. पावडर नको, काजळ नको, तिथे पूर्ण पैसे वाचवा. खेळण्यांवरही आयएसआय खूण बघा, ती २०२१ पासून सक्तीची आहे.

थर्मामीटरवर मात्र कंजुषी नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर.

अशी पेटी तुमच्या गल्लीतही सुरू करता येईल. एक घर माळा देतं, एक जण वही सांभाळतो, आणि वस्तू परत करताना धुऊन, उन्हात वाळवून द्यायच्या एवढाच करार. कार सीट आणि हेल्मेट पेटीत ठेवत नाही, ते ज्याचं त्याने नवं घ्यायचं. सध्या आमची पेटी सुदामानगरात आहे, जुळ्यांच्या घरी. दिवाळीनंतर परत येईल, आणि राजेंद्रनगरातल्या एका सुनेने पुढचा नंबर आधीच लिहून ठेवला आहे.