बाजारातल्या मुशी-पाकटाचं तोंड कसं बघायचं

सोलापुरात समुद्र नाही, पण बर्फातली मुशी (छोटा शार्क) नाहीतर पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) कधीमधी बाजारात दिसते, तेव्हा मावशींना विचारून कापायच्या आधी नक्की बघा. पाकटाच्या शेपटीला हात लावायचा नाही, काटा मेलेल्या माशाचाही टोचतो.

पाकट उलटी केली की दोन डोळे आणि हसरं तोंड दिसतं, पण ते डोळे नाहीतच, नाकपुड्या आहेत. खरे डोळे पाठीवर, त्यांच्यामागच्या भोकांतून ती श्वासाचं पाणी घेते, कारण तोंड खाली वाळूकडे असतं. चमच्याने ओठ सरकवा, शिंपले-खेकडे फोडणारे दात फरशी बसवल्यासारखे सपाट, चिकटून असतात.

मुशीचं तर अजून भारी, वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला नसतो, हळू ओढला तर पुढे सरकतो आणि चावताना पण असाच बाहेर येतो. बोट आत घालू नका, टॉर्च मारा, पुढच्या दातांमागे नवीन दातांच्या ओळी आडव्या पडलेल्या दिसतील, पुढचा पडला की मागचा पुढे येतो, हे आयुष्यभर चालूच. शेवटी मुशीच्या नाकाडावरची बारीक भोकं दाबा, जेलसारखं काहीतरी निघतं, वाळूत लपलेल्या माशाच्या अंगातली बारीकशी वीज मुशीला त्या भोकांतूनच कळते.