लिनक्सवर माइकचा आवाज रेकॉर्ड होत नसेल तर

आधी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer, आवाजाच्या पातळ्या ठरवणारा प्रोग्राम) चालवा. एफ६ दाबून योग्य साउंड कार्ड निवडा, मग एफ४ दाबून कॅप्चरच्या (आत येणाऱ्या आवाजाच्या) पट्ट्या उघडा. ‘कॅप्चर’ पट्टी बंद दिसली तर स्पेसबार दाबा. बरेचदा घोडे इथेच अडलेले असते.

तरीही शांतता? पाव्हूकंट्रोल (pavucontrol, कोणता प्रोग्राम कोणता माइक वापरतो ते ठरवणारा प्रोग्राम) उघडा. त्यातल्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये प्रोग्राम फक्त रेकॉर्डिंग चालू असतानाच दिसतो, म्हणून ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये) उपकरण ‘डीफॉल्ट’ ठेवून आधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग माइक निवडा. ‘मॉनिटर’ हा स्रोत निवडलेला असेल तर स्पीकरकडे जाणारा आवाज रेकॉर्ड होतो, तुमचा नाही.

आवाज फाटतोय? अल्सामिक्सरमध्ये ‘माइक बूस्ट’ शून्यावर आणा, मग कॅप्चर थोडे थोडे वाढवा. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्या. फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.