ग्रास कटरच्या प्लगचे आटे गेले तेव्हा
आमच्या टू-स्ट्रोक ग्रास कटरच्या सिलिंडरमधले स्पार्क प्लगचे आटे पार गेले होते. दोरी ओढली की प्लगच्या बुडातून फुसकन हवा. मेकॅनिक म्हणाला, "दादा, नवा सिलिंडर घ्या." मी १४ मिमी, १.२५ मिमी पिचचं (दोन आट्यांमधलं अंतर) हेलिकॉइल किट आणलं, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवायचा संच. सिलिंडर उतरवूनच काम केलं. जागेवर आटे पाडले तर ॲल्युमिनियमचा कीस पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून) खाली क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातो, मग इंजिनच गेलं म्हणा. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. तिरका गेला तर मुसळ केरात! रॉकेलने धुऊन इन्सर्ट (ती तारेची गुंडाळी) भोकाच्या तोंडापासून जरा आत बसवली, म्हणजे वॉशर सपाट टेकतो. नवा प्लग आधी हाताने, मग पान्याने अर्धा फेरा. आता दोरी ओढताना हाताला चांगलं कॉम्प्रेशन लागतं.