नकल अंडर, बकल डाउन आणि माझी फजिती

सध्या जे एसएससी (दहावी नव्हे, सरकारी नोकरीची स्टाफ सिलेक्शनवाली) नाहीतर बँकेच्या परीक्षेच्या इंग्लिशला लागलेत त्यांच्यासाठी लिहितेय. सिनोनिम म्हणजे काय हे काही सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला येतं. मी बोलणारे एकाच गठ्ठ्याबद्दल, दबावाखाली नमायचे शब्द. यील्ड, सबमिट, सकम, रिलेंट, कॅपिट्युलेट, गिव्ह इन, केव्ह इन, बकल. माझ्या वहीत या सगळ्यांना मिळून एक मोठा कंस आणि पुढे अर्थ एकच, 'शरण जाणे'. त्या कंसाने माझे मार्कही घालवले आणि ऑफिसात अब्रूही.

झालं असं की दोन अटेम्प्ट वाया गेल्यावर मी पुण्यातच एका कंपनीत बॅकऑफिसला लागले. तिसऱ्या महिन्यात टीम लीडचा मेल आला, फाइली मागे पडतायत, यू नीड टु बकल डाउन. मी म्हटलं बकल म्हणजे वाकणे, डाउन म्हणजे खाली, म्हणजे हा माणूस मला सरळ वाकायला सांगतोय! त्यात सकाळीच शिफ्टवरून आमचं वाजलं होतं. रात्री रडून रडून डोळे सुजले, राजीनामा टाइप पण केला, तर रूममेट म्हणाली अगं येडे, मन लावून काम कर म्हणतोय तो. मग मला एवढा हुरूप आला की वहीतला भारी शब्द शोधून मी झोकात रिप्लाय टाकला, शुअर सर, आय विल नकल अंडर फ्रॉम टुमारो. सीसीमध्ये सात जण. म्हणजे मराठीत काय लिहिलं मी, तर साहेब, उद्यापासून गुमान तुमच्यापुढे गुडघे टेकते.

आता हे नीट वाचा, घाई करू नका. बकल दोन आहेत. एक पट्ट्याचं बकल, ते आवळलं की कंबर कसली, म्हणून बकल डाउन म्हणजे झटून कामाला लागणे. दुसरं बकल म्हणजे वजनाने पत्रा वाकतो तसं वाकणे, म्हणून बकल अंडर प्रेशर म्हणजे दबावाखाली कोलमडणे. नकलचंही तसंच. गोट्या खेळताना बोटाचं पेर जमिनीला टेकवून नेम धरतात ना, इंग्रज पोरंही तेच करायची, तिथून नकल डाउन, म्हणजे मान खाली घालून जोर लावणे. आणि नकल हा शब्द पूर्वी गुडघ्याच्या सांध्यालाही वापरायचे, त्यामुळे नकल अंडर म्हटलं की आपलं गुडघे टेकणेच डोळ्यासमोर आणायचं. या दोन शब्दांपुरतं, डाउन आलं तर मेहनत, अंडर आलं तर शरणागती. परत एकदा, डाउन मेहनत, अंडर शरणागती. एसएससीच्या टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, इंग्लिशचे 25 प्रश्न, बरोबरला 2 मार्क, चुकलं की 0.50 कट, म्हणजे पर्याय उलटा मारला की अडीच मार्कांचा फरक. मी मारलाय.

बाकीच्या शब्दांना एवढं घाबरायचं कारण नाही, कारण मराठीत नमायला आपल्याकडे शब्द ढिगाने आहेत, फक्त जोड्या नीट लावा. केव्ह इन म्हणजे खाणीचं छत ढासळतं तसं ढेपाळणे. बॅक डाउन म्हणजे आधी ताठ बोलून मग माघार. थ्रो इन द टॉवेल म्हणजे हात टेकणे, पण टॉवेल बॉक्सर नाही फेकत, कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस फेकतो. कॅपिट्युलेट म्हणजे मुळात कलमं ठरवून पत्करलेली शरणागती. ॲक्विएसमध्ये भांडण नाही, मनात नसताना गप्प राहून होकार. सकम म्हणजे बळी पडणे, पेपरात सकम्ड टु इंज्युरीज येतं ते हेच. आणि रिलेंटला तर शरण म्हणूच नका, तिथे कडक माणूस नरमतो. मला पुण्याला पाठवायला पप्पा चार महिने नाही म्हणत होते, एक दिवस जेवता जेवता म्हणाले, जा बाई. ते रिलेंट.

पेपर वाचताना हा खेळ अजून मजेशीर होतो. 19 नोव्हेंबर 2021 ला तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. त्याला कुणी नुसतं रिपील म्हणजे रद्द करणं म्हणेल, कुणी क्लाइंबडाउन म्हणजे नाक मुठीत धरून माघार, कुणी केव्ह इन. घटना तीच, पण लिहिणारा कुठे उभा आहे ते शब्दावरून कळतं. कॉम्प्रिहेन्शनमध्ये टोन विचारतात तेव्हा हेच कामी येतं.

ट्रिकवाल्या सरांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या क्लासला सांगितलं होतं, क्राय अंकल म्हणजे 'काका मला वाचवा', लक्षात ठेवा. सदाशिव पेठेतल्या क्लासात शनिवारवाड्याची आठवण काढल्यावर पोरं टाळ्या पिटणारच. पण 1773 मध्ये नारायणरावाने मारली असं सांगतात ती हाक मदतीची, आणि अमेरिकन पोरं कुस्तीत अंकल म्हणतात ते 'हरलो बाबा, सोड' या अर्थाने. ट्रिक पाठ, अर्थ चूक. वन शॉट पाचशे इडियम्सची पीडीएफ पण डिलीट करा, माझा कंस तिथूनच आला होता. अभ्यासिकेतल्या एका ताईने मला रोज दोन शब्द घेऊन स्वतःच्या घरातलं वाक्य करायला लावलं, सहा महिन्यांत तेवढंच उपयोगी पडलं. हळू वाटेल, रडू येईल, चालतं.

गिव्ह इन आणि गिव्ह अप मात्र मला अजून टोचतं. गिव्ह इन म्हणजे समोरच्यापुढे नमणे, गिव्ह अप म्हणजे स्वतःच सोडून देणे. मी नोकरी धरली तेव्हा आत्या म्हणाली, पोरीने नाद सोडला. मी काही सोडलं नव्हतं, खोलीचं भाडं थकलं होतं म्हणून नमले. यंदाचा फॉर्म भरलाय, पप्पांना अजून सांगितलेलं नाही.