कोकणात गाईड घ्यायचा की नाही? या चुका टाळा

डिसेंबर लागला की फोन सुरू होतात. "आम्ही चौघं कोकणात चाललोय, गाईड घेऊ का रे?" मी विचारतो, कुठल्या गावात आणि किती वाजता? पलीकडे शांतता. अहो, गाईड अख्ख्या सहलीला लावायचा नसतोच. कुठल्या दोन तासांसाठी लावायचा, एवढंच ठरवायचं असतं. आणि लोक नेमका त्याच दोन तासांत पैसा वाचवायला बघतात.

सड्यावर मोबाईलच्या भरवशावर जाणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून लांबण लावतो. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आम्ही तिघं कातळशिल्पं (कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्या) बघायला गेलो होतो. एप्रिल महिना, दुपारचे बारा. नकाशावर ठिपका होता, मग माणूस कशाला हवा, हे शहाणपण माझंच. ठिपक्यापाशी पोचलो तर चारी बाजूंना सारखाच काळा कातळ आणि मधे वाळकं गवत. तासभर वणवण केली, पाणी संपलं, शेवटी कातळावर फतकल मारून डबा उघडला. गुरं हाकत चाललेले एक काका लांबूनच ओरडले, "चपला काढा आधी! माशाच्या शेपटीवर बसलाय."

खरंच बसलो होतो. जांभ्यातली रेघ बोटभर खोल होती, पण सूर्य डोक्यावर असला की तिच्यात सावलीच पडत नाही, त्यामुळे ती दिसत नाही. काकांनी घरी नेलं, ताक पाजलं आणि साडेपाचला परत सड्यावर आणलं. ऊन तिरकं झालं होतं. मासा तोंडापासून शेपटीपर्यंत उठून आला होता, शिवाय पलीकडे आणखी दोन आकृत्या. दुपारी आम्ही त्यांच्यावरूनही दोनदा चालून गेलो असणार.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. सड्यावर जायचं तर गावातला माणूस घ्यायचाच, आणि सकाळी लवकर किंवा चारनंतरच जायचं. कशेळी, बारसू, उक्षी, रुंढे तळी, देवाचे गोठणे ही कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यामुळे आता गर्दी वाढली आहे. देवाचे गोठण्याची मनुष्याकृती एखाद्याला एकट्याने सापडेलही. पण तिच्यावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते, हे दाखवायला कुणीतरी लागतंच. रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यात खडू नाहीतर रांगोळी भरणाऱ्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, तोंड खराब होईल.

भरती-ओहोटी न विचारता निघणं

रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणा म्हणजे कड्याच्या पायऱ्या उतरून थेट समुद्राकाठच्या खडकांवर. ती ओहोटीतच करायची. इथं लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या दुर्घटना झाल्या आहेत, तरी दरवेळी कुणीतरी टोकाच्या खडकावर पाठ समुद्राकडे करून फोटोला उभा असतोच. यासाठी गाईड नको. नारळ-फुलांच्या दुकानात विचारा, "आत्ता खाली जाता येईल का?" नाही म्हणाले तर नाही. "आम्हाला पोहता येतं" हे त्यांना सांगू नका.

घरून निघतानाच अंदाज हवा असेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाणी जास्तच चढतं. हा हिशेब ढोबळ आहे, सहल ठरवायला पुरतो. खडकावर उतरायच्या आधी मात्र दुकानात विचारायचंच. पावसाळ्यात तर हिशेब करत बसू नका, वरूनच नमस्कार करा.

किल्ल्यावर पैसे वाचवणं आणि बाजारात उधळणं

जंजिऱ्याला राजपुरीहून होडीने गेलात की किल्ल्यात फिरायला वेळ बेताचाच मिळतो. तिथं गाईड घ्या, नाहीतर दरवाजावरचा, पंजात हत्ती धरलेला शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) न बघताच कलालबांगडी तोफेपाशी सेल्फी काढून परत याल. मालवणच्या सिंधुदुर्गातही घ्या. बुरुजांच्या आड दडवलेला दरवाजा, शिवरायांच्या हातापायाचे ठसे, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर, हे कुणी थांबवून दाखवलं तरच कळतं. भुयार पार अमक्या गावापर्यंत जातं, हे ऐकलं की मान डोलवायची आणि पुढे चालायचं.

हर्णैचा मासळी लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, गुहागरचा किनारा: इथं गाईड म्हणजे निव्वळ खर्च. वेळासला कासवांची पिल्लं बघायची तर ज्यांच्या घरी उतराल तेच वेळेवर उठवून नेतील.

आणखी काही, थोडक्यात

रिक्षावाल्याला गाईड समजू नका. त्याला रस्ता ठाऊक असतो, सडा असेलच असं नाही.

"चांगलं जेवण कुठं?" हे गाईडला विचारू नका. उतरलात त्या घरच्या वहिनींना विचारा, आणि मासे हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवा.

एका दिवसात चार गावं करणाऱ्यांनी गाईड घेऊच नये, त्याचाही वेळ जातो.

दर आधी बोलून घ्या: किती तास, किती जागा, किती पैसे. नंतर घासाघीस करू नका. त्या काकांनी पहिल्या दिवशी काही घेतलं नव्हतं, आणि आम्हीही फार आग्रह केला नाही, याची लाज अजून वाटते. पुढच्या वेळी मी आदल्या आठवड्यात फोन केला आणि रोजगार बुडेल त्याचे किती होतात ते विचारलं. त्यांनी आकडा सांगितला, वर म्हणाले, "पाण्याच्या बाटल्या जास्त आणा."