यूएसबी केबल जोडण्याआधी

आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर बटण, एलईडी आणि रिले (विजेने चालणारा स्विच) जोडायचे असतील तर वायरींना हात लावण्याआधी कागद घ्या आणि कोणत्या पिनकडे कोणतं काम ते लिहून काढा. ० आणि १ या पिन्स लगेच खोडा. त्या संगणकाशी चालणाऱ्या सिरियल संवादाच्या आहेत, त्यांना काही जोडलं की प्रोग्राम अपलोड होताना अडतो. १३ वर बोर्डाचाच एलईडी आहे, ती चाचणीपुरती ठेवा.

आता बटण. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. इनपुट पिन करंट जवळजवळ घेतच नाही, नुसतं व्होल्टेज बघते: ३ च्या वर हाय, दीडच्या खाली लो. मोकळी सोडली तर अधांतरी राहते आणि हात जवळ नेला तरी वाचन बदलतं. म्हणून कोडमध्ये पिनचं काम ठरवणाऱ्या पिनमोडमध्ये 'इनपुट पुलअप' लिहा. मग चिपमधला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. बटण पिन आणि ग्राउंड यांच्या मध्ये लावा. दाबलं की लो मिळेल, तेव्हा कोडमधली अटही तशीच उलटी हवी. चार पायांचं बटण खोचण्याआधी मल्टीमीटर बीपवर (आतून जोड असेल तर वाजतो) ठेवून बघा. त्याचे दोन-दोन पाय आतून जोडलेलेच असतात. तिरके समोरासमोरचे पाय घेतले की प्रश्न मिटला.

आउटपुटला एका पिनकडून २० मिलीअँपपेक्षा जास्त मागू नका. ४० ही चिपची कमाल मर्यादा आहे, रोजच्या वापराची नव्हे. लाल एलईडीसोबत २२० ओहम लावला की साधारण १४ मिलीअँप जातात, ठीक. रिलेची कॉइल मात्र सत्तरेक मागते, ती थेट पिनवर नको. मध्ये छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर हवा आणि कॉइलला समांतर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. नाहीतर रिले बंद होताना बसणारा उलटा झटका ट्रान्झिस्टरचा जीव घेतो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हे सगळं बसवलेलं तयार मॉड्यूलच आणावं. रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट आत्ता नकोतच, 'टक्' ऐकू आलं तरी पुरे.

उनोऐवजी ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड असेल तर कागद नवा घ्या. तिथे सगळा कारभार ३.३ व्होल्टचा, ५ व्होल्टचा सिग्नल थेट द्यायचा नाही. ३४ ते ३९ या पिन्स फक्त इनपुटच्या, त्यांना आतला पुलअपही नाही. बटण तिथे लावणार असाल तर १० किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून जोडा.